मॅक्सवेलची खुर्ची आणि विश्वस्तबंदीचा कायदा

ब्रिटनचा पेन्शन नियामक ब्रायटनमध्ये बसतो. एखादा माणूस पेन्शन योजनेच्या विश्वस्तपदाला, म्हणजे कामगारांचा पैसा त्यांच्या वतीने सांभाळायला, लायक नाही असं त्याने ठरवलं की त्या माणसाचं नाव बंदीच्या यादीत चढतं. तरीही तो पदाला चिकटून राहिला तर तो फौजदारी गुन्हा. एवढा अधिकार नियामकाच्या हाती यायला आधी कामगारांच्या पैशावर मोठा डल्ला पडावा लागला.

आणि डल्ला मारणारा कसा आहे, हे वीस वर्षं आधीच कागदावर होतं. १९६९ मध्ये लीस्को ही अमेरिकन कंपनी ब्रिटिश उद्योगपती रॉबर्ट मॅक्सवेलची पर्गमॉन प्रेस ही प्रकाशन कंपनी विकत घ्यायला निघाली. नफ्याचे आकडे फुगवलेत असा संशय आल्यावर ती मागे फिरली आणि सरकारने निरीक्षक नेमले. १९७१ च्या अहवालात त्यांनी आडपडदा ठेवला नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा कारभार या माणसाच्या भरवशावर सोडता येईल असं आम्हाला वाटत नाही, असा त्यांचा शेरा होता. पण तो शेराच राहिला, त्यातून कुठलीही बंदी आली नाही. १९७४ मध्ये पर्गमॉन पुन्हा मॅक्सवेलच्या ताब्यात गेली. १९८४ मध्ये त्याने मिरर वृत्तपत्रसमूह घेतला आणि कामगारांच्या पेन्शन फंडाच्या किल्ल्याही त्याच्या हाती आल्या.

तिजोरी फोडावी लागलीच नाही. फंडाची गुंतवणूक सांभाळणारी बिशप्सगेट इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट ही संस्था त्याच्याच मुठीत होती. फंडाचे शेअर ‘उसने’ म्हणून त्याच्या खासगी कंपन्यांकडे जायचे आणि तिथून बँकांकडे तारण पडायचे. आलेल्या पैशातून आधीची कर्जं भागवायची, स्वतःच्या कंपनीच्या शेअरचा भाव सावरून धरायचा. देणारा तोच, घेणारा तोच, मग हिशोब विचारणार कोण? ५ नोव्हेंबर १९९१ रोजी कॅनरी बेटांजवळ तो आपल्या नौकेवरून समुद्रात पडून मेला, आणि पाठोपाठ भांडं फुटलं. सुमारे ४६ कोटी पौंडांचा खड्डा होता, तीस हजारांहून जास्त लोकांची पेन्शन टांगणीला लागली होती. १९९५ मध्ये २७.६ कोटी पौंडांची तडजोड झाली. त्याच्या दोन्ही मुलांवर खटला चालला, ती १९९६ मध्ये निर्दोष सुटली.

प्रा. रॉय गूड यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९९५ चा पेन्शन कायदा झाला. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले आणि दिवाळखोर आता आपोआप बाद होऊ लागले. बाकीच्यांना बंदी घालायची तर मात्र कर्तव्यात गंभीर किंवा वारंवार कसूर दाखवावी लागे, म्हणजे चोरी होईपर्यंत थांबा. ही अट २००४ च्या कायद्याने काढली आणि माणूस ‘लायक व योग्य’ आहे का, एवढाच प्रश्न ठेवला. ब्रायटनचा हा नवा नियामक एप्रिल २००५ पासून कामाला लागला.

लायकी किती ताणायची, यावर वाद होतोच. वित्तीय क्षेत्राच्या दुसऱ्या नियामकाने २०१४ मध्ये ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्यावर आजन्म बंदी घातली, कारण तो लंडनला येताना लोकलचं पूर्ण भाडं चुकवत होता. बुडवलेले जवळपास ४३ हजार पौंड त्याने परत केले होते, तरीही. मला तो निर्णय पटतो. बिनतिकीट प्रवास हा किरकोळ गुन्हा असेल, पण लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्याने तो सवयीने करावा?

खरी अडचण बंदीच्या वेळेची आहे. २०१२ ते २०१४ मध्ये फोन करकरून २४५ जणांना त्यांची पेन्शन बनावट योजनांत वळवायला लावलं गेलं. त्यामागच्या चौघांवर विश्वस्तबंदी आली, जानेवारी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने १.३७ कोटी पौंड भरायला सांगितले. तोवर बराचसा पैसा उडाला होता. पेन्शनसाठी असे आगंतुक फोन करण्यावर बंदी यायला २०१९ उजाडलं.

अनेक मालकांच्या कामगारांना एकत्र घेणाऱ्या मोठ्या ‘मास्टर ट्रस्ट’ योजनांसाठी २०१७ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. आधी लायकी सिद्ध करा, मग परवाना. एकेका कंपनीच्या छोट्या योजनांना मात्र ही अट लावली नाही.