पाट्या अनेक, भटारखाना एकच: मोबाइलवरील ब्राउझर इंजिनांची पार्श्वभूमी

भारतात आयफोनवर क्रोम, फायरफॉक्स किंवा एज यांपैकी कोणताही ब्राउझर घेतला, तरी वेबपान वाचून ते पडद्यावर मांडण्याचे मूळ काम ॲपलचे वेबकिट हेच इंजिन करते; भोवतीची चौकट, बुकमार्क आणि खात्याची जोडणी तेवढी त्या त्या कंपनीची असते. या व्यवस्थेवरून लंडन, ब्रुसेल्स आणि टोकियो येथील नियामकांपुढे गेली काही वर्षे चाललेला वाद वरवर ब्राउझरचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र वेब ॲप आहे, म्हणजे ॲप स्टोअरच्या दारातून न जाता थेट संकेतस्थळावरून फोनमध्ये येणारे ॲप.

गंमत अशी की वेब ॲपचा आग्रह सर्वांत आधी ॲपलनेच धरला होता. जून २००७ मध्ये, आयफोन विक्रीला येण्याच्या थोडेच दिवस आधी, स्टीव्ह जॉब्स यांनी डेव्हलपरांना सफारीत चालतील अशी ॲप्स लिहिण्यास सांगितले आणि त्यासाठी वेगळी साधने लागणारच नाहीत, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून मांडले. डेव्हलपरांचा विरस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने भूमिका बदलली आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्स घेऊन ॲप स्टोअर उघडले. सशुल्क ॲपच्या विक्रीतील ३० टक्के वाटा आता ॲपलकडे जाऊ लागला, तर वेब ॲपमधून तसा काहीच वाटा मिळत नव्हता. ॲपल वेब ॲपना मुद्दाम मागे ठेवते, या पुढच्या सगळ्या संशयाचे बीज येथे आहे.

वेबकिटचे घराणे मुक्त स्रोताचे आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही घेऊन बदलू शकतो. केडीई या मुक्त स्रोताच्या प्रकल्पातील केएचटीएमएल हे इंजिन घेऊन ॲपलने त्यावर सफारी उभारला आणि जानेवारी २००३ मध्ये तो जाहीर केला. गूगलनेही २००८ मध्ये क्रोम वेबकिटवरच बांधला व एप्रिल २०१३ मध्ये फारकत घेऊन ब्लिंक हे आपले इंजिन काढले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो हे इंजिन सोडले आणि २०१८ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेही एजचे इंजिन सोडून क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या ब्लिंकवर चालणाऱ्या मुक्त स्रोत गाभ्याचा, आश्रय घेत असल्याचे जाहीर केले. वेबकिट, ब्लिंक आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे गेको एवढीच मोठी नावे मागे उरली.

इंजिन कोणाच्या हाती आहे याने वाचकाला काय फरक पडतो, हे मराठी वाचकांच्या एका पिढीने जवळून पाहिले आहे. जुन्या अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. फाँट असलाच तरी जोडाक्षरे जुळवणारी यंत्रणा नसल्याने ‘किल्ला’मधील वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसे आणि ‘ल्ल’ सुटा पडे. तेव्हा ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे टंकून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय ‘होय’ करावा लागे. मग ऑपेराचा सर्व्हर मजकुराचे चित्र काढून पाठवी आणि मराठी नीट वाचता येई. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने हाच ब्राउझर आयफोनवर येऊ दिला, कारण पान मांडण्याचे काम दूरच्या सर्व्हरवर होत होते आणि फोनवर दुसरे इंजिन चालतच नव्हते.

वेब पाहणाऱ्या ॲपने वेबकिटच वापरले पाहिजे, असे ॲप स्टोअरचा नियम सांगतो आणि ॲपल त्यामागे सुरक्षेचे कारण देते. ते अगदीच पोकळ नाही, कारण जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा वेगाने चालावी म्हणून ती धावता धावता यंत्रभाषेत उतरवणाऱ्या इंजिनाला स्मृतीवर असे अधिकार द्यावे लागतात की त्यांचा गैरवापर होऊ शकतो. परंतु २०१४ पर्यंत हा वेग सफारीलाच मिळत होता आणि वेबकिटच वापरणारे इतर ब्राउझर त्याला मुकत होते, याचे समाधान केवळ सुरक्षेच्या युक्तिवादाने होत नाही. इंटरनेट नसतानाही पान चालू ठेवणारी सर्व्हिस वर्कर ही सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली. आयफोनवर ती मार्च २०१८ मध्ये पोहोचली. वेब ॲपकडून येणाऱ्या नोटिफिकेशनसाठी तर मार्च २०२३ उजाडावा लागला.

भारतात याच काळात वेबवर आधारलेल्या ॲपचे दोन प्रयोग झाले. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट या वेब ॲपच्या रूपाने ते परत आणले. दुसरा प्रयोग जिओफोनचा. २०१७ मध्ये आलेल्या या बटणांच्या फोनातील कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फसलेल्या फायरफॉक्स ओएसमधून निघाली होती, त्यामुळे तिच्यावरील ॲप्स वेबच्याच भाषांत लिहिलेली आणि गेकोवर चालणारी होती.

कायद्याने हस्तक्षेप केला तो युरोपात. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्याने ७ मार्च २०२४ पासून इंजिनाची सक्ती निषिद्ध ठरवली. त्याच्या तोंडावर ॲपलने युरोपीय संघातील आयफोनवरून होम स्क्रीनवरील वेब ॲप्सची सोयच काढून घेण्याचे ठरवले आणि ती फार थोडे लोक वापरतात, असेही कारण दिले. ज्या ॲप्सना नोटिफिकेशन मिळून जेमतेम वर्ष होत होते, त्यांच्याविषयी हे बोलणे होते. बराच गदारोळ झाल्यावर १ मार्च रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये तसाच कायदा केला आणि तो डिसेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाला.

तरीही युरोपात दार उघडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात गूगल किंवा मोझिला यांपैकी कोणीही स्वतःच्या इंजिनाचा ब्राउझर तेथील आयफोनवर आणला नाही. ॲपलच्या अटींनुसार असा ब्राउझर फक्त युरोपीय संघापुरता आणि वेगळे ॲप म्हणूनच द्यावा लागत होता, म्हणजे वर्षानुवर्षे जमवलेले वापरकर्ते जुन्या ॲपमध्येच सोडून नव्याने सुरुवात करावी लागणार होती, आणि एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या सांभाळण्याचा खर्च वेगळाच.