लेंटमधला बुधवार: ल्युथरन मंडळ्यांच्या उपवासकाळाची पार्श्वभूमी

ल्युथरन मंडळीत लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, सुरू झाला की ताटाआधी वेळापत्रक बदलतं. रविवारच्या उपासनेला बुधवार संध्याकाळच्या उपासनेची जोड मिळते. अमेरिकेतल्या कितीतरी मंडळ्यांत त्याआधी सभागृहात सूप आणि ब्रेडचं साधं जेवण असतं, आणि जेवणाच्या टेबलावर भुकेल्यांसाठी दानाचा डबा. उपवासाच्या काळात जेवायला बोलावणं बाहेरच्याला विचित्र वाटतं. या परंपरेने उपवासापेक्षा शिकवण आणि दान यांना जास्त जागा का दिली, हे कळायला सोळाव्या शतकात जावं लागतं.

त्या काळी उपवासाला बाजारभाव होता. लेंटमध्ये मांसाबरोबर दूधलोणीही वर्ज्य, आणि उत्तर युरोपात ऑलिव्ह तेल पिकत नाही. लोणी खायचं तर चर्चला पैसे भरून परवानगी घ्यायची. १५२० साली जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना मार्टिन ल्युथर या धर्मसुधारकाने यावरच बोट ठेवलं: रोममधले लोक स्वतः उपवासाची टर उडवतात, ज्या तेलाने ते आपले जोडेही माखणार नाहीत ते आम्हाला खायला लावतात आणि वर लोणी खाण्याची मोकळीक विकतात. १५३०च्या आउग्सबुर्ग विश्वासनाम्यातलं, म्हणजे ल्युथरनांच्या मूळ श्रद्धापत्रातलं, सव्विसावं कलम याच अन्नभेदावर आहे. उपवास करू नका, असं ते म्हणत नाही. उपवासाने देवाची कृपा कमावता येते, ही समजूत ते खोडून काढतं. विश्वासाचं मूलभूत शिक्षण देणाऱ्या ल्युथरच्या छोट्या प्रश्नोत्तरावलीतही प्रभुभोजनापूर्वीचा (भाकर-द्राक्षारसाच्या विधीपूर्वीचा) उपवास ‘चांगली बाह्य शिस्त’ म्हणून येतो. खरी तयारी विश्वासाची.

मोकळीक मिळाली म्हणून ती लादायची नाही, हा धडाही लेंटमध्येच दिला गेला. १५२२ साली झुरिकमध्ये एका छापखानेवाल्याच्या घरी लेंटमध्ये सॉसेज खाऊन बंदी मोडली गेली. ल्युथरच्या विटेनबर्ग गावात त्याच्या गैरहजेरीत चर्चमधल्या सुधारणांची घाई झाली होती. वार्टबुर्ग किल्ल्यावरून परतल्यावर त्याने लेंटच्या पहिल्या रविवारपासून, म्हणजे ९ मार्चपासून, सलग आठ दिवस प्रवचनं दिली. त्यांचं सूत्र असं की मांस खायला हरकत नाही, पण ज्याचं मन अजून तयार नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका.

मग लेंट ठेवायचा कशाला? १५२६च्या जर्मन उपासनाविधीत ल्युथरने उत्तर दिलं: लेंट आणि त्याचा शेवटचा पवित्र आठवडा राहू द्या, कुणाला उपाशी ठेवायला नव्हे, तर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वृत्तांत आणि या काळाची शुभवर्तमानं टिकावीत म्हणून. त्याच ग्रंथात आठवड्याची आखणीही आहे. सोमवार-मंगळवारी सकाळी प्रश्नोत्तरावलीचे विषय, बुधवारी मत्तयाचं शुभवर्तमान, गुरुवार-शुक्रवारी नव्या करारातली पत्रं, शनिवारी दुपारी योहान. बुधवारचं महत्त्व याहूनही जुनं आहे: आद्य मंडळीच्या ‘दिदाखे’ या ग्रंथात बुधवार आणि शुक्रवार हेच उपवासाचे दिवस सांगितले आहेत. उपवास सैल झाला, वार मात्र राहिला.

या बुधवारांचं गणित बसवणं हे पाळकाचं दरवर्षीचं काम. कपाळाला पश्चात्तापाची राख लावून लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात. सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. पवित्र आठवडा वगळला तर राखेच्या बुधवारासह सहा बुधवार हाती येतात. प्रश्नोत्तरावलीचे मुख्य भागही सहाच: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली आणि प्रभुभोजन. एका बुधवारी एक भाग, हिशेब चोख! अडचण फक्त क्रमाची. पापकबुली राखेच्या बुधवारी शोभते, पण यादीत ती पाचवी. ती पहिल्या दिवशी घेतली तर पुढचे पाच भाग आपापल्या क्रमाने नीट बसतात.

दुसरा जुना पर्याय दुःखसहनाच्या वृत्तांताचा. विटेनबर्गचा पाळक योहानेस बुगेनहागेन याने चारही शुभवर्तमानांतून एकसलग वृत्तांत गुंफला. पिढ्यान्‌पिढ्या तो लेंटमध्ये भागाभागाने वाचला गेला आणि कित्येक गीतपुस्तकांत छापलाही गेला. बाग, मुख्य याजक, पिलात, वधस्तंभ, कबर असे त्याचे परंपरेने पाच टप्पे पडतात. एकेक टप्पा वाचायला बराच वेळ लागतो. त्यावर पुन्हा पूर्ण लांबीचं प्रवचन लावलं की शाळकरी मुलं असलेली कुटुंबं दुसऱ्या बुधवारनंतर दिसत नाहीत.

जर्मनीतल्या लाइप्झिगमध्ये अठराव्या शतकात लेंटभर चर्चमध्ये वाद्यवृंदासह गायन बंद असे. अपवाद मरीयेला झालेल्या देवदूताच्या निरोपाच्या सणाचा. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सायंउपासनेत ही शांतता मोडे. संगीतकार बाखची योहानानुसारची दुःखसहनगाथा तिथे ७ एप्रिल १७२४ रोजी प्रथम गायली गेली. तिचे दोन भाग आहेत, कारण मध्ये प्रवचन व्हायचं.

सगळं काही ल्युथरच्या मनासारखं झालं असंही नाही. लेंटमध्ये वेदीपुढे टांगायचा पडदा त्याने १५२६ साली पोरखेळांत जमा केला होता. तरी सॅक्सनीतल्या त्सिटाऊ गावाने आपला १४७२चा पडदा ल्युथरन झाल्यावरही १६७२पर्यंत टांगला. सुमारे ८.२ मीटर उंच, ६.८ मीटर रुंद तागाचं कापड, त्यावर सृष्टीच्या उत्पत्तीपासून शेवटच्या न्यायापर्यंत नव्वद चित्रं. वाचता न येणाऱ्यांसाठी ती प्रश्नोत्तरावलीच होती. १९४५ साली सोव्हिएत सैनिकांनी त्याचे तुकडे करून बाष्पस्नानाच्या खोलीला आतून लावले. वाफेने रंग पार फिके पडले. डागडुजी झाल्यावर १९९९पासून तो पुन्हा त्सिटाऊत पाहायला मिळतो.

दानाच्या डब्याचा उगम लाइस्निग या सॅक्सन गावात पाहावा. १५२३ साली तिथल्या मंडळीने सामाईक पेटीची नियमावली केली आणि ल्युथरने तिला प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगळी कुलपं होती. किल्ल्या सरदार, नगरसभा, गावकरी आणि खेड्यांतले शेतकरी यांच्याकडे एकेक, म्हणजे एकट्याला पेटी उघडताच येऊ नये. दहा कारभारी दर रविवारी बसून हिशेब पाहत. चर्चमध्ये पैशांच्या डब्याबरोबर ब्रेड, चीज, अंडी, मांस टाकायला पिंपंही ठेवायची होती. आज दानाची रक्कम एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी मिळून मोजायची, हा नियम त्या चार कुलपांचाच धाकटा भाऊ. त्याने मोजणाऱ्यावर विनाकारण संशयही येत नाही. हिशेबावर दोघांच्या सह्या त्यासाठीच असतात.

नॉर्डिक देशांत ही पेटी दारोदार गेली. फिनलंडची ‘सामाईक जबाबदारी’ मोहीम १९५०पासून, नॉर्वेतली चर्चची उपवासकाळ-मोहीम १९६७पासून चालते. नॉर्वेत दृढीकरणाची (बाप्तिस्म्याच्या पुष्टीच्या विधीची) तयारी करणारी मुलं झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या मंगळवारी सीलबंद डबे घेऊन फिरतात. जर्मनीत १९८३ साली हॅम्बुर्गमधून ‘सात आठवडे विना’ ही चळवळ निघाली. त्यात एखादी सवय सोडायची असते, आणि कुठली ते ज्याचं त्याने ठरवायचं.

सूपच्या जेवणाचं व्याकरण साधं आहे. माणशी ३५० मिलिलीटर धरा. साठ जणांना एकवीस लिटर. एक पातेलं बिनमांसाचं हवंच. वाढताना सूप ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. गडबड उरलेल्या सुपात होते: मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहून नासतो. उथळ भांड्यांत ओतून, दोन तासांत २१ अंशांपर्यंत उतरवून मगच आत ठेवावं.

सर्वांत प्राचीन वाटणारी राख ल्युथरन मंडळ्यांत मात्र उशिरा परतली. सुधारणेनंतर बहुतेक ठिकाणी हा विधी बंद पडला होता. अमेरिकेत तो १९७८च्या नव्या उपासना-पुस्तकानंतर सर्रास दिसू लागला. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या पूर्ण वाळवून धातूच्या भांड्यात जाळाव्यात, राख बारीक चाळणीने गाळावी. वाटीच्या तळाशी चमचाभर राख मोठ्या मंडळीलाही पुरते. ती पाण्यात कधीही कालवू नये: राखेतले क्षार पाण्यात उतरून तीव्र अल्कली होतं आणि कपाळावर खरोखर भाजतं. कोरडी लावावी, नाहीतर थेंबभर ऑलिव्ह तेलात कालवावी. तेल जास्त झालं तर क्रूसाचे ओघळ भुवयांपर्यंत येतात.