कोंबड्यांच्या पाण्यातील शिरका: एका प्रथेची पार्श्वभूमी

परसात पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांमध्ये त्यांच्या पाण्यात सफरचंदाचा शिरका, म्हणजेच अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, घालण्याची पद्धत रूढ आहे. साधारणपणे चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा असे प्रमाण सांगितले जाते आणि जंत पडण्यापासून पिसांना चकाकी येण्यापर्यंत बरेच गुण त्याला चिकटवले जातात. या पद्धतीमागे दोन निराळे इतिहास आहेत. ते एकमेकांत मिसळल्यामुळेच तिला आजचे वजन प्राप्त झाले, असे मला वाटते.

पहिला इतिहास घरगुती औषधाचा आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात मध आणि शिरक्याचे मिश्रण वापरले जात असे. पण सफरचंदाच्याच शिरक्याची आधुनिक कीर्ती बरीचशी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या डी. सी. जार्व्हिस या डॉक्टरांमुळे झाली. त्यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या 'फोक मेडिसिन' या पुस्तकात तेथील शेतकऱ्यांचे उपाय नोंदवले होते. त्यात माणसांसाठी मध-शिरका होता, तसा गाईंना दिला जाणारा शिरकाही होता. पुस्तक प्रचंड खपले. व्हरमाँट हा सफरचंदांच्या बागांचा प्रदेश आहे. तो द्राक्षांचा असता, तर कदाचित वेगळ्याच शिरक्याचे गोडवे गायले गेले असते.

दुसरा इतिहास मोठ्या कुक्कुटपालनाचा आहे. खाद्यात अत्यल्प प्रतिजैविके मिसळल्यास पिल्ले लवकर वाढतात, हे 1940 च्या दशकात अमेरिकेत दिसून आले आणि 1951 मध्ये तेथे या वापराला मान्यता मिळाली. त्यातून जीवाणूंमध्ये औषधरोध वाढेल, असा इशारा ब्रिटनमधील स्वान समितीने 1969 मध्ये दिला. स्वीडनने 1986 मध्ये आणि युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. ही पोकळी भरण्यासाठी ज्या पर्यायांकडे उद्योग वळला, त्यांत फॉर्मिक, प्रोपिऑनिक, लॅक्टिक अशी सेंद्रिय आम्ले महत्त्वाची होती. विघटन न झालेला आम्लाचा रेणू जीवाणूच्या आवरणातून आत शिरतो, तिथे फुटतो आणि आतली आम्लता वाढवून त्याला जेरीस आणतो, हे त्यामागचे तत्त्व आहे.

शिरक्यातील अ‍ॅसिटिक आम्ल याच कुळातले असल्याने त्या संशोधनाची पत परसातल्या बाटलीलाही आपोआप मिळाली. मात्र व्यावसायिक कुक्कुटपालनात आम्लाची मात्रा पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, मोजून ठरवली जाते. शिरक्यात आम्ल साधारण 5 टक्के असते, म्हणजे वरील प्रमाणात ते पाण्यात जेमतेम 0.02 टक्के उतरते, आणि पाणी जड असल्यास त्यातलेही काही क्षारांशी संयोग पावून निष्प्रभ होते. शिवाय कोंबडीची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा पोटाचा भाग, मुळातच या पाण्यापेक्षा कितीतरी आम्लधर्मी असते. त्यामुळे परिणाम झालाच, तर तो पेषणीच्या आधी येणाऱ्या, गळ्याजवळच्या अन्नपिशवीत होण्याचा संभव अधिक आहे. जंत किंवा रक्ती हगवण यांवर शिरका औषधाची जागा घेऊ शकत नाही.

या सरमिसळीत भांड्याचा प्रश्नही दडलेला आहे. मोठ्या शेडमध्ये आम्लयुक्त पाणी बहुधा प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरते. परसात मात्र जस्ताचा मुलामा दिलेली जुनी पत्र्याची भांडी असतात. आम्लाने ते जस्त विरघळते आणि अधिक प्रमाणात पोटात गेल्यास कोंबडीला विषबाधा होते. म्हणून शिरका द्यायचाच असेल, तर तो प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यातून द्यावा.