मोटर बोल्टच्या आधीची आणि नंतरची गाडी

प्लेस्टेशन ३ वर २००८ मध्ये आलेल्या ‘लिटलबिगप्लॅनेट’ या व्हिडिओ गेमच्या लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे खेळाचा टप्पा आपणच बांधायच्या साधनात, लाकूड होतं, लोखंड, दगड, काच, रबर, स्पंज सगळं होतं. पण आपली गाडी आपणच जुळवावी लागायची. गोल आकार घ्यायचा, हव्या त्या मटेरियलचं चाक कापायचं, बोल्टने सांगाड्याला अडकवायचं आणि मग बघायचं, चालते की पडते.

खान्देशात दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, धांड्याची बैलगाडी करून जे वाढले, त्यांना यात फार नवल वाटायचं कारण नाही. धांड्याची साल काढायची, आतल्या भेंडाचे तुकडे त्याच सालीच्या काड्यांनी टोचून जोडायचे. चाक घट्ट बसलं तर घासत जातं, सैल बसलं तर लंगडतं. हे कोणी शिकवत नाही, गाडी ओढली की कळतं. कॉम्प्युटरच्या खेळांना इथवर यायला मात्र बराच वेळ लागला.

लेव्हल स्वतः बनवू देणारे खेळ १९८३ पासूनच होते. त्या वर्षीच्या ‘लोड रनर’मध्ये विटा आणि शिड्या मांडता यायच्या. बिल बज यांच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’मध्ये अख्खं पिनबॉलचं टेबल जुळवता यायचं. पुढे निन्टेन्डोच्या ‘एक्साइटबाइक’मध्ये उंचवटे टाकून आपला ट्रॅक तयार करता आला, पण त्यावर धावणारी मोटरसायकल आयती होती. रस्ता तुमचा, वाहन कंपनीचं. १९९३ च्या ‘द इन्क्रेडिबल मशीन’ने पट्टे, कप्प्या, चेंडू हातात दिले खरे, पण त्यातलं यंत्र जागच्या जागी राबायचं. स्वतःचं वजन घेऊन पुढे जाणारी वस्तू बनवायला पडद्यावरच्या प्रत्येक तुकड्याला वस्तुमान, घर्षण आणि सांधा असावा लागतो, आणि त्याचं गणित सेकंदाला कित्येक वेळा करावं लागतं. ते काम फिजिक्स इंजिनचं. २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’मध्ये डब्लिनच्या हॅवॉक कंपनीचं इंजिन होतं आणि त्याच पायावर ‘गॅरीज मॉड’ हा खेळ उभा राहिला. त्यात लोकांनी बाथटबला चाकं लावून फिरवली.

मग आलं २००८. एकाच वर्षात चार वेगवेगळ्या ठिकाणी हीच कल्पना उगवली. ‘फॅन्टास्टिक कॉन्ट्रॅप्शन’ ब्राउझरमध्ये चालायचं. रेअर कंपनीने ‘बॅन्जो-काझूई’च्या नव्या भागात वाहन जुळवणं हाच खेळ केला. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठात एमिल एर्नरफेल्ट यांनी ‘फन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, त्याचाच पुढे ‘अल्गोडू’ झाला. आणि चौथा ‘लिटलबिगप्लॅनेट’.

‘फन’वरून चाळीसगावची आठवण निघतेच. पाटणादेवीच्या देवळात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा उल्लेख त्यात आहे. त्यांपैकी ‘सिद्धान्तशिरोमणी’त, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, आपोआप फिरणाऱ्या चक्राची कृती दिली आहे: हलक्या लाकडाचं चक्र, पोकळ आरे सारख्या अंतरावर पण थोडे तिरके, आणि ते अर्धे पाऱ्याने भरलेले. ‘फन’मध्ये द्रवही करता येतो, त्यामुळे हे चक्र तिथे काढून बघायचा मोह आवरत नाही. चक्र थोडं झुलतं आणि थांबतं. नुसत्या वजनाच्या सरकण्यातून ऊर्जा निघत नाही, म्हणून प्रत्येक एडिटरला शेवटी मोटर द्यावी लागली.

‘लिटलबिगप्लॅनेट’मध्ये तिचं नाव मोटर बोल्ट. वेग आणि जोर दोन्ही आपण ठरवायचे. खेळाचं जग जाडीला फक्त तीन थरांचं. म्हणून सांगाडा मधल्या थरात आणि चाकं पुढच्या-मागच्या थरात, ही मांडणी बहुतेक सगळ्यांची ठरून गेली. काचेवर लोखंडी चाक नुसतं गरगर फिरायचं, रबराचं पकड घ्यायचं. ड्रायव्हरसाठी स्पंजचा तुकडा आणि त्याला ग्रॅब स्विच. खेळातल्या बाहुल्याने स्पंज पकडला की मोटर सुरू, सोडला की बंद. आणि सगळ्यांना छळणारी गोष्ट म्हणजे प्रतिक्रिया. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे फिरवते, तेवढ्याच जोराने सांगाडा मागे फिरवते. जोर वाढवला की तोंड वर. गाडीवानाचा यासाठी नेमका शब्द आहे, उलाळ. कापसाच्या गासड्या मागे जास्त झाल्या की बैलांच्या मानेवरचं जू उचललं जातं, तेच हे. उपायही तोच: ओझं पुढे आणि खाली घ्या. पुढच्या टोकाला दगडाची चकती लावायची, वरचा भाग पुठ्ठ्याचा ठेवायचा.

माझ्या आतेभावाकडे भुसावळला प्लेस्टेशन ३ होतं. तासावर खेळायला देणाऱ्या दुकानांत एडिटर उघडणं परवडायचं नाही, तिथे फुटबॉल नाहीतर कुस्ती. घरीही भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसावं लागायचं. सेव्ह न करता वीज गेली, की गाडी पहिल्या बोल्टपासून.

२०११ मध्ये आलेल्या ‘लिटलबिगप्लॅनेट’च्या दुसऱ्या भागात मायक्रोचिप आली, कंट्रोलिनेटर नावाची सीट आली, म्हणजे हातातल्या कंट्रोलरची काडी थेट मोटरला जोडता येऊ लागली. त्यासोबत ‘मूव्हर’ही आला, वस्तूला नुसतं ढकलणारा. सोय झाली, नाकारत नाही. पण त्यानंतर अशा गाड्या दिसायला लागल्या ज्यांची चाकं शोभेची होती. दोन वर्षं लोकांनी उलाळ सांभाळत जे शिकून घेतलं होतं, त्याची गरजच संपली. मला पहिला भाग अजून सरस वाटतो तो यामुळे.

तो धागा इतरांनी उचलला. २०१५ च्या ‘बिसीज’मध्ये लढाईची यंत्रं ओझ्याने मोडून पडतात. २०२३ च्या ‘झेल्डा’मध्ये पंखे, चाकं आणि सुकाणू फळ्यांना चिकटवून वाट काढावी लागते, आणि तिथेही पहिली गाडी बहुधा उलटतेच.

‘लिटलबिगप्लॅनेट’चे प्लेस्टेशन ३ वरचे सर्व्हर २०२१ मध्ये बंद झाले, प्लेस्टेशन ४ वरच्या तिसऱ्या भागाचे २०२४ मध्ये. लोकांनी केलेल्या लाखो लेव्हल तिथून आता उतरवून घेता येत नाहीत. ज्याच्या मशीनमध्ये जे सेव्ह आहे, ते त्याच्याजवळ राहिलं. भुसावळच्या मशीनमध्ये आमची एक गाडी आहे. पहिला चढ चढते, दुसऱ्यावर उलाळ होते.