अंडं मेलं, पण दोष कुणाच्या जनुकात?

सोलापुरात केळ्याच्या गाड्यावर घोंगावणारी चिलटं, त्यांच्यातच आमची ड्रॉसोफिला, जनुकांच्या प्रयोगांतली माशी. (शेतकरी पेरूवरच्या ज्या फळमाशीला शिव्या घालतो ती वेगळी.) एम.एस्सी.ची मुलं न फुटलेल्या अंड्यांची बशी पुढे करून विचारतात, "सर, हा झायगोटिक म्युटंट (बिघडलेल्या जनुकाचा जीव) की मॅटर्नल, म्हणजे आईमुळे बिघडलेला?" नुसत्या अंड्यावरून कसं सांगू? आधी आईची चौकशी करावी लागते.

झायगोटिक म्हणजे भ्रूणाचं स्वतःचं जनुक बिघडलेलं. आईबाप दोघंही वाहक (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) असले की साधारण पाव हिस्सा अंडी मरतात, बाकीची फुटतात. मोजलं की कळतं.

मातृप्रभावाचं गणित निराळं. आई अंड्यात एमआरएनए (जनुकाची प्रथिनं बनवायची नक्कल) आणि प्रथिनांची शिदोरी बांधून देते; पहिले दोन-तीन तास भ्रूणाची भिस्त मुख्यतः तिच्यावरच. आईच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडून शिदोरीत पुढचं टोक घडवणारं 'बायकॉइड' नसेल तर बाप कितीही धडधाकट असो, सगळी अंडी वाया: डोकं नाही, छाती नाही, पुढच्या टोकालाही शेपटीकडचेच भाग. ती आई स्वतः मात्र ठणठणीत, कारण तिला आजीची शिदोरी मिळालेली! १९८६ साली निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकातला द्रव अशा अंड्यांत टोचला, तर डोक्या-छातीची घडण परत सुरू झाली. आणि याला मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, वारशात ढकलू नका. जनुक केंद्रकातलंच आहे, त्याची बिघडलेली एक प्रत आईला तिच्या बापाकडून आलेली असते.

स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे बिघडलेली जनुकं हुडकताना, फरक पडतो तो इथे. न्युसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस या शास्त्रज्ञांनी १९८० साली शरीराचे खंड बिघडवणारी १५ जनुकं मांडली, ती झायगोटिक शोधातून. नराला ईएमएस (जनुकं बिघडवणारं रसायन) पाजायचं, आणि तिसऱ्या पिढीची अंडी तपासायची. मातृप्रभावी जनुक त्या चाळणीतून निसटतं, कारण त्या अंड्यांची आई नुसती वाहक, तिची शिदोरी शाबूत. तिसऱ्या पिढीतल्या, बॅलन्सरचे (चांगली प्रत वाहणाऱ्या खुणेच्या गुणसूत्राचे) कुरळे पंख नसलेल्या, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या माद्या वाढवून त्यांचीच अंडी बघावी लागतात. २५ अंशांना आणखी दहा दिवस.

आणि मे महिन्यात, वीज जाऊन इन्क्युबेटर बंद पडलेला असेल, तर दोन्ही नावं घेण्याची घाई नको. तिशीच्या उष्म्यात वाढलेले नर वंध्य निघतात. फलनच न झालेली अंडी पांढरी राहतात, आत वाढून मेलेला भ्रूण बहुधा तपकिरी पडतो. आधी रंग बघा, मग नवा नर सोडा.