तरुण संघात तिशीपलीकडचे खेळाडू: ‘व्हेटरन’ करारांची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलमध्ये एखादा तरुण संघ तिशी ओलांडलेल्या खेळाडूंना एका वर्षाच्या करारावर घेतो, तेव्हा त्यावरची चर्चा बहुधा अनुभव मोठा की वय मोठे एवढ्यावरच अडून राहते. ही पद्धत आजच्या रूपात आली ती मात्र प्रशिक्षकांच्या आवडीनिवडीतून नव्हे. न्यायालयाचा निकाल, वेतनमर्यादा (संघाने पगारावर करायच्या खर्चाची कमाल मर्यादा) आणि किमान पगाराचे कोष्टक या तीन गोष्टींनी तिला टप्प्याटप्प्याने आकार दिला, आणि तो क्रम लक्षात घेतल्याशिवाय अलीकडच्या करारांचा अर्थ नीट लागत नाही.

वेतनमर्यादा येण्यापूर्वी अनुभवी खेळाडू मिळवायचा मार्ग मुख्यतः अदलाबदलीचा होता आणि त्याची किंमत ड्राफ्टमधील, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, हक्कांत मोजावी लागे. १९७१ साली वॉशिंग्टनच्या नव्या प्रशिक्षकाने भविष्यातले हक्क देऊन लॉस एंजेलिसमधील आपले जुने खेळाडू सोबत आणले. संघाने १९४५ नंतर प्रथमच प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) गाठले आणि १९७२च्या हंगामाअखेर सुपर बाउल हा अंतिम सामनाही गाठला, जिथे मायामीकडून १४-७ अशी हार झाली. याच क्लबने १९६८ नंतर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडला तो थेट १९८० साली. तो संघ मुळातच वयस्क होता आणि त्याला तरुणांची घडण करायचीच नव्हती, त्यामुळे आजच्या पद्धतीचा तो पूर्वज असला तरी नमुना नव्हे.

खरा बदल १९८९ ते १९९४ या काळात झाला. १९८९ साली एनएफएल या व्यावसायिक लीगने आणलेल्या योजनेत प्रत्येक संघाला ३७ खेळाडू राखून ठेवता येत आणि बाकीचे ठरावीक मुदतीत कुठेही जाऊ शकत. राखीव यादीबाहेर राहत ते प्रामुख्याने उतारवयाचे किंवा संघात जागा पक्की नसलेले खेळाडू. थोडक्यात, दार उघडले ते ज्यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते त्यांच्यासाठी, आणि ऐन भरातले खेळाडू आत अडकून पडले. सप्टेंबर १९९२मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने ही योजना मक्तेदारीविरोधी कायद्यांत बसत नसल्याचा निकाल दिला. पुढच्या तडजोडीतून मार्च १९९३मध्ये मुक्त खेळाडूंची (करार संपल्यावर कोणत्याही संघात जाऊ शकणाऱ्यांची) बाजारपेठ सुरू झाली आणि १९९४मध्ये प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलरची वेतनमर्यादा लागू झाली. ज्या तडजोडीने खेळाडूला मोकळीक दिली, त्याच तडजोडीने त्याच्या प्रत्येक डॉलरचा हिशेब दुसऱ्या खेळाडूच्या डॉलरशी बांधून टाकला.

मुक्त बाजारपेठेच्या पहिल्याच वर्षी, १९९३मध्ये, ३१ वर्षांचा एक डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या कडेचा खेळाडू) फिलाडेल्फिया सोडून चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बेला गेला. छोटे गाव, जीवघेणी थंडी आणि पंचविशीही न गाठलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) अशा संघात तो जाईल असे फार थोड्यांना वाटले होते. जानेवारी १९९७मध्ये ग्रीन बेने सुपर बाउल जिंकला, तेव्हा ३५ वर्षांच्या या खेळाडूने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला तीनदा जमिनीवर लोळवले.

तरीही या विषयाचा सर्वांत बोलका अध्याय ग्रीन बेचा नसून कॅरोलायनाचा आहे. १९९५ साली कॅरोलायना आणि जॅक्सनव्हिल हे दोन नवे संघ लीगमध्ये आले. कॅरोलायनाने सामान्य ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाचा हक्क सिनसिनाटीला देऊन पाचव्या क्रमांकावर तरुण क्वार्टरबॅक निवडला आणि बचावफळी मात्र अन्य संघांतून आलेल्या मुरलेल्या खेळाडूंवर उभी केली. त्यांतला मधला लाइनबॅकर (बचावातील दुसऱ्या ओळीतला खेळाडू) ३६ वर्षांचा होता. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. महाविद्यालयातून बाहेर पडताना त्याला कोणी ड्राफ्टमध्ये निवडले नव्हते, आणि व्यावसायिक संघांनी दोनदा परत पाठवल्यावर तो काही काळ शाळेत छायाचित्रण शिकवत होता.

१५ ऑक्टोबर १९९५ रोजी कॅरोलायनाचा संघ सलग पाच पराभव पदरी घेऊन न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध उतरला. शार्लटमधील मैदान अजून तयार नसल्याने सामना शेजारच्या राज्यातील क्लेमसन येथे होता. पूर्वार्धाच्या अखेरीस जेट्सच्या क्वार्टरबॅकने दबावाखाली चेंडू पुढच्या पुढे हलकेच सोडायचा प्रयत्न केला. हा लाइनबॅकर नेमक्या त्या जागी उभा होता. चेंडू त्याच्या हातात आला आणि ३६ यार्ड धावत त्याने टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले. कॅरोलायनाने तो सामना २६-१५ असा जिंकला, आणि पाच पराभवांनी सुरू झालेला हंगाम ७ विजय व ९ पराभवांवर संपला. पहिल्याच हंगामात एवढे विजय लीगमधील कोणत्याही नव्या संघाने त्याआधी मिळवले नव्हते.

१९९६मध्ये पिट्सबर्गहून ३४ वर्षांचा आणखी एक लाइनबॅकर आला आणि १४.५ सॅकसह (प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला चेंडूसह जमिनीवर पाडणे) लीगमध्ये पहिला आला. संघाने १२ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये गतविजेत्या डलासला २६-१७ असे हरवले आणि पुढच्या फेरीत ग्रीन बेच्या गोठलेल्या मैदानावर ३०-१३ असा पराभव पत्करला. त्यानंतरची उतरंड तितकीच वेगवान होती: १९९७मध्ये ७ विजय, १९९८मध्ये ४, आणि प्रशिक्षकांची गच्छंती.

या उतरंडीचा अर्थ काय, हा या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. प्रचलित मत असे, की म्हाताऱ्या बचावफळीवर उभारलेली इमारत वयाच्या भाराने कोसळली आणि ज्या जागांवर तरुणांनी शिकायचे त्या जागा अडून राहिल्या. या मतात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मागून आलेली फळी कच्ची होती, हे उघडच आहे. पण नोंदी वेगळेच काही सांगतात. पिट्सबर्गहून आलेल्या त्या लाइनबॅकरला १९९७च्या हंगामापूर्वी पगाराच्या वादावरून मुक्त करण्यात आले. तो सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळला, १९९८मध्ये कॅरोलायनात परतला आणि वयाच्या ३६व्या वर्षी त्याने १५ सॅक नोंदवले. त्याच हंगामात संघाने ज्या तरुण क्वार्टरबॅकभोवती सारा बेत आखला होता, त्याला ऑक्टोबरमध्ये सोडून दिले. वय थकले म्हणून संघ पडला, हे विधान या घटनाक्रमाशी जुळत नाही. पडली ती तरुणांची निवड. अनुभवी खेळाडूंनी त्या निवडीतील उणिवा दोन वर्षे झाकून ठेवल्या होत्या.

यापुढची गुंतागुंत ‘व्हेटरन’ या शब्दाची आहे आणि तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. बातम्यांत हा शब्द तिशीपलीकडच्या, केस पिकू लागलेल्या खेळाडूसाठी येतो. लीगच्या करारात मात्र त्याचा वयाशी काहीच संबंध नाही. तिथे हंगाम मोजले जातात आणि तेही दोन वेगवेगळ्या मापांनी. तीन सामन्यांपुरते पूर्ण पगारावर संघात असले की किमान पगार आणि निवृत्तिवेतनासाठी एक हंगाम जमा होतो. मुक्त खेळाडू होण्यासाठी जो हंगाम धरला जातो, त्याला सहा सामने लागतात. पहिल्या मापाचे चार हंगाम झाले की खेळाडू करारातील ‘हक्कप्राप्त व्हेटरन’ ठरतो. म्हणजे बाविसाव्या वर्षी लीगमध्ये आलेला मुलगा सव्विसाव्या वर्षी कागदोपत्री व्हेटरन असतो, आणि ‘संघाने पाच व्हेटरन घेतले’ या वाक्यातून त्या पाचांच्या वयाबद्दल काहीही कळत नाही.

हा शब्दच्छल वाटेल, पण पोट त्यावर चालते. किमान पगार हंगामांच्या संख्येबरोबर वाढतो. २०२४ साली नवोदिताचा किमान पगार ७,९५,००० डॉलर होता, तर सात किंवा अधिक हंगाम झालेल्याचा १२,१०,०००. जे कोष्टक अनुभवी खेळाडूच्या रक्षणासाठी होते त्याचाच फटका त्याला बसू लागला, कारण वेतनमर्यादेत काटकसर करणाऱ्या संघाला तेवढ्याच कामासाठी नवखा स्वस्त पडे. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी तोडगा काढला: अशा खेळाडूला किमान पगाराचा एका वर्षाचा करार दिला, तर वेतनमर्यादेत तो दोन हंगाम झालेल्या खेळाडूच्या दरानेच धरायचा. २०२४च्या आकड्यांत, हातात १२,१०,००० घेणारा खेळाडू संघाच्या हिशेबात ९,८५,०००चा. तरुण संघाच्या यादीत शेवटच्या आठ-दहा जागांवर दिसणारे ओळखीचे चेहरे तिथे येतात, त्यामागे प्रशिक्षकाच्या श्रद्धेइतकाच या नियमाचाही हात असतो. सवलत एकाच वर्षाच्या कराराला असल्यामुळे एक वर्षाचा करार ही या खेळाडूंची कायमची अवस्थाही झाली.

तारखाही तितक्याच निर्णायक ठरतात. हक्कप्राप्त व्हेटरन पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल, तर पुढे काढून टाकल्यास हंगामाच्या उरलेल्या मूळ पगारावर तो दावा करू शकतो, आणि असा दावा कारकिर्दीत एकदाच करता येतो. त्यामुळे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अनुभवी खेळाडूला सोडून दुसऱ्या आठवड्यात परत बोलावण्याची चाल रूढ झाली. ज्या खेळाडूकडून तरुणांनी चिकाटी शिकावी अशी अपेक्षा असते, त्याला सात दिवस घरी बसवून त्याचे संरक्षण काढून घेणे नियमात बसत असले तरी ते न्याय्य नाही, आणि या चालीला निव्वळ ‘यादीचे व्यवस्थापन’ म्हणणे तर त्याहून गैर आहे. मे महिन्याचेही असेच आहे. अलीकडच्या वर्षांत एप्रिलअखेरच्या ड्राफ्टनंतरच्या सोमवारपर्यंत झालेले करारच भरपाईच्या हक्कांच्या (मुक्त खेळाडू गमावलेल्या संघाला ड्राफ्टमध्ये मिळणाऱ्या जादा निवडींच्या) हिशेबात धरले जातात, म्हणून तिशीपलीकडच्या अनेकांना तोपर्यंत कोणी विचारत नाही.

लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११च्या सामूहिक कराराने समीकरण पुन्हा बदलले. २०१०मध्ये ड्राफ्टमधील पहिल्या खेळाडूला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता; २०११मध्ये कॅरोलायनाने निवडलेल्या पहिल्या खेळाडूला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. तरुण क्वार्टरबॅक स्वस्त झाला आणि वाचलेला पैसा त्याच्याभोवती अनुभव विकत घेण्यासाठी मोकळा झाला.

याच काळात उलट दिशेचा प्रयोगही झाला, म्हणजे तरुण संघावर वयस्क क्वार्टरबॅक बसवण्याचा. टॅम्पा बे २००७ नंतर प्लेऑफमध्ये नव्हते. २०२०मध्ये त्यांनी न्यू इंग्लंडच्या ४२ वर्षांच्या क्वार्टरबॅकला दोन वर्षांसाठी ५ कोटी डॉलर दिले आणि कारकिर्दीच्या पहिल्या काही हंगामांतच असलेल्या बचावपटूंच्या जोरावर कॅन्सस सिटीला ३१-९ असे नमवून सुपर बाउल जिंकला. तीन वर्षांनी जेट्सनेही तेच केले. आदल्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित आक्रमक आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटू हे दोघेही त्यांच्याकडे होते, आणि ग्रीन बेहून ३९ वर्षांचा क्वार्टरबॅक आला. ११ सप्टेंबर २०२३ रोजी पहिल्या सामन्यातील चौथ्याच खेळीत त्याच्या टाचेमागची कंडरा तुटली. तो हंगाम ७ विजयांवर आणि पुढचा, तो परतल्यावरही, ५ विजयांवर संपला. ही दोन उदाहरणे अनुभवी खेळाडूंच्या वादात दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून दिली जातात. एकाच खेळाडूवर सारा संघ टांगणे आणि यादीत चार जाणते खेळाडू ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी असल्याने हा पुरावा गैरलागू आहे.

दुसऱ्या प्रकाराचे अलीकडचे उदाहरण पुन्हा वॉशिंग्टनचेच आहे. २०२३मध्ये ४ विजयांवर थांबलेल्या या संघाने २०२४च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक निवडला. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली पूर्वी सिएटलमध्ये घडलेला, हंगामापर्यंत ३४ वर्षांचा झालेला लाइनबॅकर आणि आक्रमण-प्रशिक्षकांची पद्धत ॲरिझोनात शिकून आलेला ३३ वर्षांचा टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि वाट मोकळी करणारा आक्रमक) अशा दोघांना त्यांनी एकेका वर्षाच्या करारावर घेतले. संघाने १२ सामने जिंकून थेट कॉन्फरन्सची अंतिम फेरी, म्हणजे सुपर बाउलच्या आधीचा सामना, गाठली. लाइनबॅकरने १३२ टॅकल केले (चेंडू घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याला पाडले), टाइट एंडने नवोदित क्वार्टरबॅकचे ६६ चेंडू झेलून ७ टचडाउन केले. दोघांनाही २०२५साठी वॉशिंग्टननेच पुन्हा करार दिला, आणि तोही एकाच वर्षाचा.