सावलीतल्या रॉक गार्डनला कोणती झाडं? घेण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी, घराच्या उत्तरेला नाहीतर जिन्याखाली दगड मांडून छोटं रॉक गार्डन करायचंय म्हणून सध्या बरेच जण नर्सरीत यायलेत आणि आल्या आल्या म्हणतात, सावलीत येणारं झाड द्या. आमचा उलटा प्रश्न असतो, सावली कुठली? कारण आपल्या मराठवाड्यात बारा महिने एकसारखी सावली राहतच नाही.

उत्तरेच्या भिंतीचंच घ्या. डिसेंबरात तिथं दिवसभर ऊन नसतं, म्हणून लोक बिनधास्त फर्न लावतात. पण मे च्या मध्याला आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) येऊन गेला की पार जुलै संपत येईपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेलाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर एप्रिलपासूनच त्या भिंतीवर यायला लागतं. त्यात पारा ४२ च्या पुढं आणि काळा दगड तापलेला, मग पानं करपणारच ना. अशा जागेला स्नेक प्लांट, रिओ (वरून हिरवं, खालून जांभळं पान), पानओवा, पानफुटी ही सोसणारी झाडं घ्या. हावर्थिया आवडत असेल तर मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवा, उघड्यावर नको.

जिन्याखाली किंवा पोर्चमधे, जिथं ऊन कधीच पोचत नाही पण उजेड असतो, तिथं झीझी, अग्लोनेमा, सिंगोनियम चालतात. या तिन्हीचा चीक तोंडाला लागला की जळजळ होते, त्यामुळं घरात रांगतं लेकरू असेल तर आधी सांगा, आम्ही दुसरं काहीतरी देतो. जेड आणि एचेव्हेरिया मात्र सावलीसाठी मागू नका, फोटोत कितीही छान दिसू द्या, उन्हाशिवाय लांबुळकी होऊन आडवी पडतात.

कडुनिंबाखाली सावली भरपूर, पण पाणी सगळं झाडाची मुळं पिऊन टाकतात. तिथं खोदत बसू नका, दगडाचा ओटा करून वर वेगळी माती भरा.

हंसराजची (नाजूक पानांचं फर्न) मागणी लई असते. जुन्या बारवेत, विहिरीच्या आतल्या दगडांच्या फटीत तो कसा हिरवागार असतो बघा, तिथं कायम ओल आणि गारवा असतो म्हणून. तुमच्या अंगणात माठाखाली किंवा पाझरणाऱ्या हौदाच्या कडेला जागा असेल तरच न्या, नाहीतर आम्ही स्वतःच नको म्हणतो.

माती: नुसती काळी माती भरली की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, दोन्हीत मुळांचे हाल. एक पाटी काळी माती, एक पाटी चाळलेला मुरूम, एक पाटी कुजलेलं शेणखत असं मिसळा. दगड खदानीतला काळा असो की शहाबादीचे तुकडे, साधारण तिसरा हिस्सा मातीत गाडा आणि किंचित मागं कलता ठेवा म्हणजे पाणी मुळाकडं जातं.

पाण्याचं मात्र नीट ऐका. बोअरचं पाणी आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी क्षाराचं, दगडावर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं वाळतात, स्पायडर प्लांटची तर पहिली. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी फेकवत नाही म्हणून लोक झाडाला घालतात, पण त्यात तेच क्षार अजून घट्ट झालेले असतात, आरओच्या वेस्ट पाण्याचंही तेच. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं. पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी ड्रममधे धरलं तर त्याहून चांगलं काही नाही.

लागवड मृगाचा पाऊस पडल्यावर करा, मे मधे गडबड नको. नर्सरीत येताना जागेचे तीन फोटो आणा, सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ५ चे, आणि जमलं तर मे महिन्यातले. दगड आम्ही विकत नाही, पण मांडायला माणूस मिळतो.